पॅसेजमधला खिळा

"आणि थर्मोस्टॅट इथे," असं म्हणून एसीवाल्या बाईंनी पॅसेजच्या भिंतीवर बोट टेकवलं, ते नेमकं त्या खिळ्यावर. एवढ्या घरात भिंती काय कमी होत्या? वर-खाली मिळून सहा खोल्या, चोवीस भिंती, आणि बाईंचं बोट जाऊन पडावं ते तिथेच. गेले दोन तास त्या घरभर हिंडत होत्या. हातातल्या छोट्या यंत्राचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पाडून लांबी-रुंदी घेत होत्या, खिडक्यांच्या काचा मोजत होत्या, वरच्या मजल्यावर स्टुलावर चढून छताला पालथा हात लावून बघत होत्या, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. आणि तो वही घेऊन त्यांच्या मागेमागे. सगळं सुरळीत चाललं होतं. "खिळासुद्धा आयता आहे," बाई म्हणाल्या, "कुणीतरी विचार करून ठोकलेला दिसतोय. घरातली सगळ्यात शहाणी जागा आहे ही." तो मीच ठोकलाय, असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्याने गिळलं, आणि काहीतरी लिहितोय असं दाखवायला वहीत एक रेघ ओढली.

बाई तीस वर्षं या धंद्यात होत्या आणि समजावून सांगायची त्यांना हौस होती. "हे बघा, इथे ऊन येत नाही, शेगडी जवळ नाही, दाराची झुळूक लागत नाही. सेंट्रल म्हणजे काय, मशीन एकच, छतातून सगळ्या खोल्यांकडे जाणारे पत्र्याचे डक्ट, आणि त्या सगळ्यावर हुकूम चालवणारा हा एक थर्मोस्टॅट. त्याला बाकीच्या खोल्या दिसत नाहीत. तो बसलाय तिथे गार झालं, की त्याच्या लेखी सगळं घर गार झालं. मशीन बंद."

"आणि तेव्हा दुसऱ्या एखाद्या खोलीत उकडत असेल तर?" त्याने विचारलं. आवाज जरा चिरका लागला.

"तर उकडेल," बाई म्हणाल्या. "म्हणून तर विचारतेय, ती वरची पश्चिमेची खोली धरायची की नाही? छत डोक्यावर, भिंत पश्चिमेची, भट्टी आहे नुसती. ती धरायची तर तिला वेगळा डक्ट आणि तिचा वेगळा थर्मोस्टॅट."

तो उत्तर देणार तेवढ्यात जिन्यावरून बाबांचा आवाज आला, "नाही धरायची." बाबा चार पायऱ्या उतरून कठड्याला धरून उभे होते. "माझ्या खोलीला भोक पाडायचं नाही. खाली काय पाडायची ती पाडा." बाई हसल्या. आजोबांचे कान अजून शाबूत आहेत म्हणाल्या. मग हळू आवाजात त्याला म्हणाल्या, की नीट ठरवा, कारण मशीन किती मोठं आणि डक्ट किती जाड हे सगळं आत्ताच ठरतं, शर्ट शिवून झाल्यावर त्याला तिसरी बाही लावून मिळत नाही. सोमवारी सकाळी मला हा कागद भरून द्या. कागदावर प्रत्येक खोलीपुढे दोन चौकोन होते: खोली धरायची का, आणि दुपारी तिथे किती माणसं असतात. माणसंसुद्धा मोजावी लागतात, बाई म्हणाल्या, माणूस नुसता बसून राहिला तरी उष्णता सोडतो. पश्चिमेच्या खोलीपुढचे दोन्ही चौकोन कोरेच ठेवून त्याने कागदाची घडी घातली आणि बाईंना फाटकापर्यंत सोडायला गेला.

तसं पाहिलं तर सेंट्रलचं खूळ त्याचंच. बायकोचं म्हणणं साधं होतं, दोन खोल्यांत दोन भिंतीवरचे एसी लावा आणि मोकळे व्हा. पण त्याने दोन वर्षं एकच धोशा लावला होता, अख्खं घर एका तापमानाला हवं, एका कोपऱ्यात एक आणि दुसऱ्या कोपऱ्यात दुसरं असं नको. "हे घर आहे की तुमची लॅब?" असं बायको म्हणाली होती, आणि वर हसली होती. आता ती हसत नव्हती. मागच्या महिन्यात भर दुपारी बाबांनी जिन्यात बसकण मारली, ओठ पांढरे पडले, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की यांना दुपारचं गारव्यात ठेवा, अजून एक असा उन्हाळा यांना झेपणार नाही. बायको औषधांच्या दुकानात बसायची. कुणाचा ओठ कसा पांढरा पडला म्हणजे काय, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. एसीवाल्या बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "अहो, ज्या खोलीसाठी हा सगळा घाट, तीच सोडून द्यायची? मग वऱ्हाड निघालं आणि नवरा घरी राहिला म्हणायचं. भांडा ना त्यांच्याशी. एरवी पाव अंशावरून साऱ्या जगाशी भांडता." तो म्हणाला, बघतो. "काय बघता? दुपारी तिथे खिडकी लावून बसतात ते. पंखासुद्धा बंद असतो. मी दोनदा पाहिलंय. विचारलं तर म्हणतात, मला सोसतं." तो पुन्हा म्हणाला, बघतो. बाबांशी भांडायचं तर त्या खोलीत दुपारी किती तापतं ते सांगावं लागणार. मग ते विचारणार, तुला कसं ठाऊक? आणि तिथेच सगळं घोडं अडत होतं, दोन वर्षं.

त्याचं काम मापं तपासायचं. कारखान्यांतून, दवाखान्यांतून, धान्याच्या कोठारांतून तापमापकं यायची आणि तो त्यांचा खरेखोटेपणा ठरवायचा. पाण्याच्या टाकीत आपला अस्सल तापमापक आणि त्यांचा तापमापक शेजारी शेजारी सोडायचे, दहा मिनिटं थांबायचं, दहा म्हणजे दहा, मग दोघांचे आकडे वाचायचे, फरक लिहायचा, खाली सही. लॅबची ती खोली बाराही महिने वीस अंशांवर असायची. बाहेर डांबर वितळो की खिडक्यांवर दव गोठो, आत वीस. तिथले लोक त्याला अचूकराव म्हणत. पहिल्यांदा चिडवायला म्हणायचे, मग सवयीने, आणि आता तर साहेबसुद्धा म्हणायचे. त्यालाही ते आवडायचं, का आवडू नये? आकड्याचा मान हा त्याच्या रक्तातच होता. बाबा वीज कंपनीत मीटर वाचायला होते, चाळीस वर्षं, दारोदार. उन्हातान्हात हिंडून आले तरी संध्याकाळी वही तपासल्याशिवाय चहाला हात लावायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता, वाचायचं दोनदा, लिहायचं एकदा. लहानपणी सुट्टीत कधी त्यांच्याबरोबर गेला, तर जिन्याखालच्या अंधारात बॅटरीच्या उजेडात बाबा मान वाकडी करून म्हणायचे, "चार हजार बारा. चार हजार बारा," आणि मगच पेन्सिल टेकवायचे. त्या सवयीने ते घरातही सगळं दोनदा बोलायचे. किती वाजले, तर पावणेसहा, पावणेसहा. आई त्यांची नक्कल करायची. "जेवायला चला, जेवायला चला." आईला स्वतःला आकड्यांचं काही नव्हतं. ती दूध उतू जाण्याआधी नुसत्या वासावरून उठायची, ताप हाताने बघायची. पण दोन आकडेवाल्यांच्या घरात तिच्या हाताला कोण विचारतो? घरात कुणी कशावर अडलं की बापलेक एकमेकांकडे बघून म्हणायचे, मोजू या. मोजलं की वाद संपायचा. आई म्हणायची, बरं.

पॅसेजमध्ये तापमापक लावला तोही असाच एका वादानंतर, उन्हाळा जास्त कुठला, यंदाचा की मागचा, यावरून. लॅबमधून बाद झालेला पण अगदी चोख असलेला एक काचेचा तापमापक त्याने मागून आणला, चार भिंतींना हात लावून बघितला आणि ऊन, शेगडी, झुळूक यांच्यातलं काहीच जिथे पोचत नाही अशी जागा शोधून खिळा ठोकला. सगळ्यात शहाणी जागा. मग रोज दुपारी अडीचला तो लॅबमधून घरी फोन करायचा, सगळं ठीक आहे ना विचारायला, आणि फोन पॅसेजमध्येच असल्यामुळे बाबा आपण होऊन आकडा सांगायचे. दोघांना त्यात गंमत वाटायची. कधी तीस, तीस. कधी साडेएकोणतीस, साडेएकोणतीस. बाहेर आग ओकत असली तरी आपलं घर किती थंड, याचा त्याला अभिमान वाटायचा, जणू ते त्याने तपासून सही करून दिलं होतं.

त्या दिवशी फोन आईने उचलला. ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी आठवायचा, बहुतेक वेळा काही कारण नसताना, दाढी करताना किंवा चौकात सिग्नलला थांबलेला असताना. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्याचा तिसरा आठवडा होता. आई म्हणाली, "आज फार उकडतंय रे. वर पडवत नाही. गादी खाली आणू का, इथे पॅसेजमध्ये?" ती त्याला का विचारत होती? घर तिचं, गादी तिची, पॅसेज तिचा. पण ती विचारत होती. आणि त्याच्या समोर टाकीत सहा तापमापक लटकत होते, दहा मिनिटांतली सात झाली होती. तो म्हणाला, "बाबांना विचार, किती आहे." मागून बाबांचा आवाज आला, "एकतीस. एकतीस." तो म्हणाला, "आई, एकतीसच तर आहे. एकतीसला काही होत नाही. पंखा लाव आणि पड जरा." आई म्हणाली, "बरं." बस, एवढंच. बरं. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. साडेचारला बाबा चहा घेऊन वर गेले तेव्हा ती गेलेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, वय होतं, झोपेत गेल्या, पुण्यवान. सगळे म्हणाले, पुण्यवान. उकाड्याचं नाव कुणी काढलं नाही. एका माणसाने तरी काढायला हवं होतं, असं त्याला वाटायचं, म्हणजे मग त्यालाही काढता आलं असतं.

तीन आठवड्यांनी, डोकं दुखतंय असं सांगून, तो दुपारी लॅबमधून लवकर निघाला. बाबा खाली खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेले. त्याने खिळ्यावरचा तापमापक काढला. एकतीस. चपला हातात घेऊन तो जिना चढला, चोर चढतो तसा, स्वतःच्या घरात. आईच्या उशीवर, जिथे डोकं असतं तिथे, त्याने तापमापक ठेवला, पंखा लावला आणि घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटं उभा राहिला. छतातून आणि भिंतीतून धग येत होती आणि पंखा तीच धग फिरवत होता. बेचाळीस. तो पुन्हा खाली आला, पुन्हा दहा मिनिटं. एकतीस. तापमापक खोटं बोलत नव्हता, कुठेच बोलला नव्हता. तो जिथे होता तिथलं सांगत होता. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने, वीस अंशांच्या गारव्यात बसून, तापमापकाला कधी न दाखवलेल्या खोलीचं उत्तर त्याच्याकडून घेतलं होतं. त्याने तापमापक रुमालात गुंडाळून कपाटाच्या खणात टाकला आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं, फुटला. बाबांनी फक्त एकदा वर बघितलं. कुठे फुटला, कसा फुटला, काहीच विचारलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी खालची खुर्ची सोडली आणि दुपारचे वर बसू लागले. म्हाताऱ्या माणसाचा तऱ्हेवाईकपणा, असं घराने ठरवून टाकलं. त्यानेही.

बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी, बायकोचं बोलणं ऐकून झाल्यावर, तो कपाटापाशी गेला. काय करायचं होतं ते त्याचं त्यालाही नीट माहीत नव्हतं. कदाचित तापमापक बायकोसमोर ठेवून एकदाचं सांगून टाकायचं होतं. खणात रुमाल होता, नीट चार घड्यांचा. तापमापक नव्हता. त्याने खण पूर्ण बाहेर ओढला, मागे हात घालून बघितलं. बायकोला विचारणार कसं? फुटलेली वस्तू हरवली म्हणून शोधतो का कुणी? चोराच्या मनात चांदणं तसं त्याला वाटत राहिलं, की ती आत येईल आणि म्हणेल, हे शोधताय का? ती आली, म्हणाली जेवायला चला, आणि तो गेला. जेवताना बाबांच्या हाताला घाम होता. हेही जातील, त्याला वाटलं, हेही त्याच खोलीत जातील आणि मी तेव्हा वीस अंशांत बसलेला असेन.

दुसऱ्या दिवशी अडीचला त्याने नेहमीप्रमाणे फोन केला. आई गेल्यावरही त्याने तो नेम मोडला नव्हता. बाबा वरून उतरून फोन घ्यायचे आणि अजूनही दोनदाच बोलायचे. ठीक आहे, ठीक आहे. त्या दिवशी फोन वाजत राहिला. वाजून वाजून बंद पडला. त्याने पुन्हा लावला. समोर टाकीत एका दवाखान्याचे चार तापमापक सोडलेले, सहावं मिनिट चालू. पॅसेजमधली ती रिकामी घंटा त्याला इथे ऐकू येत होती, खिळ्याखालच्या स्टुलावर ठेवलेला तो फोन दिसत होता. तिसऱ्यांदा लावून तो उठला. "अचूकराव, दहा व्हायचीत अजून," शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, तोवर तो दारात पोचला होता. सत्तावीस वर्षांत त्याने अर्ध्यात सोडलेलं ते पहिलं काम. रस्त्यावर ऊन असं होतं की समोरच्या गाड्यांच्या टपांवर नजर ठरत नव्हती. बायकोला फोन करावा असं वाटलं, पण तिला काय सांगायचं? सिग्नलला तो मोठ्याने म्हणाला, नको, एवढं नको. कुणाला म्हणाला देव जाणे.

घरात पॅसेज गार होता. नेहमीसारखा गार, शहाणा. तो थांबला नाही. जिन्याच्या वळणावर हवा बदलली आणि शेवटच्या पायरीवर ती तोंडावर आली. दार लोटलेलं होतं. आत बाबा पलंगाच्या काठावर बसले होते, अंगात नुसता बनियन, खिडकी लावलेली, पंखा बंद, मांडीवर जुन्या कामाची असते तशी लांबट वही आणि हातात तापमापक. ते बसलेले होते. डोळे उघडे होते. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"फोन का नाही उचललात?" तो ओरडलाच.

"ऐकू आला," बाबा म्हणाले. "उठवेना."

बाबांचा चेहरा लाल नव्हता, राखाडी दिसत होता. तो जवळ गेला. वहीत तारखा होत्या, एकाखाली एक, आणि प्रत्येक तारखेपुढे एक आकडा. पानंच्या पानं. त्या उन्हाळ्याचे उरलेले दिवस, मागचा सगळा उन्हाळा आणि हा. अक्षर तेच, मीटरच्या वहीतलं, फक्त अलीकडे कापरं.

"हा तुमच्याकडे कसा?"

"तुझ्या खणातून घेतला. फुटला म्हणाला होतास ना, म्हटलं बघावं कुठे फुटलाय." बाबांनी तापमापक उजेडाकडे धरून फिरवला. "तुला किती आलं होतं?"

"कधी?"

"डोकं दुखत होतं तुझं, त्या दिवशी. मी पेपरच्या आड जागा होतो. चपला हातात घेऊन जिना चढलेलं पोर बापाला कळत नाही होय?"

दोन वर्षं त्याने हे वाक्य कुठल्या ना कुठल्या तोंडून येईल म्हणून वाट पाहिली होती आणि मनात शंभर उत्तरं तयार ठेवली होती. तो जमिनीवर बसला, बाबांच्या पायापाशी. फरशीसुद्धा गरम होती. "बेचाळीस," तो म्हणाला.

"मला एकदा त्रेचाळीस आलं," बाबा म्हणाले. "मागच्या वर्षी."

"बाबा, तिने मला विचारलं होतं. गादी खाली आणू का म्हणून. मी नको म्हटलं."

"तुला नंतर. आधी मला विचारलं तिने." बाबा खिडकीच्या बंद तावदानाकडे बघत होते. "दोन वाजता खाली आली, म्हणाली, जरा हात लावता का गादीला. मी म्हटलं, अडीचला त्याचा फोन येईल, त्यालाच विचार. पेपर वाचत होतो. उठायचा कंटाळा, दुसरं काय. आणि मग आकडा मी वाचला. गारव्यात उभं राहून. जन्मभर तेच केलं ना, जिन्याखाली उभं राहायचं, आकडा घ्यायचा, पुढच्या दाराला जायचं. वर माणसं कशी आहेत ते बघायचं आपलं काम नव्हे."

"मग इथे का बसता? कशाला हे सगळं?"

"तिथलं रीडिंग राहिलं होतं," बाबा म्हणाले. "ते घेतोय."

त्याला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाला येतं तसं, आवाज न होता, नाकातून. त्याला बाबांचा राग आला होता, आईचासुद्धा आला होता, त्या बरं म्हणण्याचा. आई, एकदा तरी म्हणायचंस, खड्ड्यात गेला तुमचा आकडा. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात ओला आणि जड होता आणि नको तितका गरम. मग बाबांनी सवयीने तापमापक डोळ्यांजवळ नेला, आजची तारीख वहीत आधीच घातलेली होती, तिच्यापुढची जागा रिकामी. ते मान वाकडी करून वाचायला लागले, तेवढ्यात त्याने हात वर करून तापमापक त्यांच्या बोटांतून काढून घेतला. पारा कुठे होता ते त्याने बघितलं नाही. अचूकराव म्हणवून घेणाऱ्याला ते जड गेलं, डोळा आपोआप तिकडे वळत होता. त्याने तो उलटा करून खिशात घातला.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्हाला उकडतंय का?"

बाबांनी आधी रिकाम्या हाताकडे बघितलं. मग भिंतीकडे, मग छताकडे, जणू कुठेतरी लिहिलेलं असेल. असला प्रश्न त्या घरात कुणी कुणाला विचारलेला नव्हता.

"उकडतंय," ते म्हणाले. आणि मग, मीटरपाशी म्हणायचे तसं, "उकडतंय."

त्याने उठून आधी खिडकी उघडली, नंतर पाणी आणलं, आणि बाबांना धरून, एकेक पायरी थांबत, खाली पॅसेजमध्ये आणून खुर्चीत बसवलं. बायकोला फोन केला. ती म्हणाली, निघालेच, तोवर मानेवर, काखेत ओला पंचा ठेवा. पंचा ठेवल्यावर हळूहळू बाबांच्या तोंडावर रंग आला. समोरच्या खिळ्याकडे बघत ते म्हणाले, "तुझ्या त्या बाईंना सांग, वरची खोली धरा. तिचा थर्मोस्टॅट तिच्यातच बसवायला सांग. मी टोक धरीन टेपचं." "त्यांच्याकडे टेप नसते आता," तो म्हणाला, "लाल दिवा असतो." "मग दिवा धरीन," बाबा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. त्याने खिशातला कागद काढून भिंतीवर ठेवून भरला. पश्चिमेची खोली, धरायची. दुपारची माणसं, एक.

खुर्चीत त्यांना अवघडल्यासारखं होत होतं, म्हणून तो पुन्हा वर गेला. पलंगावरची चादर काढली, उशी काखेत मारली, गादी गुंडाळली आणि खांद्यावर घेतली. जिना अरुंद होता, वळणावर ती भिंतीला घासली, बाकी काही अडलं नाही. पॅसेजमध्ये खिळ्याखाली त्याने ती पसरली. गादी तशी काही जड नव्हती. एकट्या माणसाला सहज खाली आणता येण्यासारखी होती.